खडकबेटचं जुनं स्टेशन

खडकबेटचं स्टेशन मुळात माणसांसाठी बांधलेलंच नव्हतं. ते इंजिनासाठी होतं. कोळशाच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी प्यायला लागायचं, आणि इंदापूरकडच्या त्या कोरड्या माळावर उन्हाळ्यातही न आटणारा भीमेचा एकच डोह होता. डोहाजवळ दगडी टाकी उभी राहिली. टाकीपाशी गाडी थांबायला लागली. आता गाडी थांबतेच आहे म्हटल्यावर आसपासच्या वस्त्यांवरची माणसं तिच्यात चढायला-उतरायला लागली. मग रेल्वेनं काळ्या घडीव दगडाचा फलाट बांधला, तिकिटाची एक खोली बांधली आणि खोलीपुढं सागवानी तुळयांवर पत्र्याची लांब पडवी टाकली. उन्हाळ्यात नदीच्या वाळूतली कलिंगडं त्या फलाटावरून जायची, बाजाराच्या दिवशी मेंढरं जायची.

पुढं उजनीचं धरण ठरलं. पाणी कुठवर येणार त्याची रेघ नकाशावर आखली गेली आणि खडकबेटचं स्टेशन त्या रेघेच्या आत पडलं. रेल्वेनं रूळ दोन मैल वर, माळावर नेले. तिथं नवं स्टेशन बांधलं आणि नाव तेच ठेवलं. जुन्या जागेवरचे रूळ, स्लीपर, सिग्नल सगळं उचललं. फलाट आणि खोली तेवढी सोडून दिली. बुडणाऱ्या दगडांसाठी मजूर कोण लावणार?

पण पाणी आलं ते नकाशापेक्षा थोडं कमी. दोन पावसाळे ते चढत राहिलं. जिथून गाड्या जायच्या ती सगळी वाट त्यानं भरून टाकली आणि फलाटाच्या काठाखाली वीतभर अंतर ठेवून ते थांबलं. कागदावर स्टेशन बुडालं होतं, प्रत्यक्षात ते कोरडं उभं होतं. पंधरा वर्षं रेल्वेला याचा पत्ता नव्हता. मग एकदा तपासणीला आलेले एक साहेब नव्या स्टेशनाच्या पुलावरून दुर्बिणीनं पाण्यातले पक्षी बघत होते. पक्षी बघता बघता त्यांना पत्र्याचं छप्पर दिसलं.

म्हणून १९९४ च्या मे महिन्यात सावळाराम गुरव तिथं आले.

सावळाराम रेल्वेच्या बांधकाम खात्यात मोजणीचे कारकून होते. राहायला दौंडला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या मोजमाप वहीत एकही खाडाखोड नव्हती आणि त्यांना त्याचा मनातून अभिमान होता. त्यांना सांगितलेलं काम सोपं होतं. पडीक स्टेशनाचा दगड, लाकूड, पत्रा मोजायचा, म्हणजे लिलाव करता येईल.

ते पोचले तेव्हा धरणाचं पाणी फर्लांगभर मागं गेलं होतं. फलाटाखालच्या वाळलेल्या गाळात कुणीतरी काकडीचे वेल लावले होते. पडवीत चुलीवर चहाचं पातेलं होतं, आणि फलाटाच्या कडेला पाय सोडून एक म्हातारा बसला होता. खाकी शर्ट, खाली धोतर, डोक्याला पिवळा फेटा.

"रेल्वेचं मानूस दिसताय," म्हातारा म्हणाला.

"होय. मोजणीला आलोय. तुम्ही कोण?"

"मी दत्तोबा. सांधेवाला होतो हितं, गाडीचा रूळ बदलून द्यायचं काम. नंतर वरल्या ठेसनात. रिटायर होऊन आठ वर्सं झाली." त्यानं चुलीकडं हात केला. "ही आमची मंडळी. कुशाबाई."

कुशाबाईंनी पदर सारखा केला आणि न विचारता चहाचा कप पुढं ठेवला.

सावळारामांना टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. दत्तोबांनी ते धरलं. लगेच लक्षात आलं की या माणसाबरोबर मोजणी भराभर व्हायची नाही, कारण दर दहा फुटांवर तो थांबे.

"ह्या दगडावर आमचा बाप बसायचा," दत्तोबा सांगायला लागले. "आमी धनगर. टाकी गळायची बगा. त्या गळतीचं पाणी चरातनं माळाकडं जायचं, त्यावर आमची दीडशे मेंढरं जगली. एक गोरा सायेब आला आन् म्हनला, गळती बंद करा. तवा मिस्त्री म्हनला, सायेब, बंद केली तर टाकीला तडा जाईल. खोटंच. पन सायबानं ऐकलं."

"आणि तुम्ही नोकरीला कसे लागलात?"

"मेंढरं रुळावर येऊ नयेत म्हनून पाळत ठेवायला घेतलं मला. दुसऱ्याचं कुणाचं मेंढरं ऐकायचीच न्हायीत."

चुलीपासून कुशाबाई म्हणाल्या, "माझ्या लग्नाचं सांगा की."

"सांगतो. हिला वरकुट्यासनं आनली. वरात बैलगाडीत. आन् हितं फाटकावर आडली, कारन इंजिन पाणी पीत हुतं. अर्धा तास. हिनं तवर गाडी बगितलीच नव्हती."

"मला वाटलं ह्यांच्या घरचंच जनावर हाय," कुशाबाई म्हणाल्या. "एवढं पाणी पितंय तर दूध किती देत आसंल."

सावळाराम हसले. वहीत त्यांनी लिहिलं: फलाट, लांबी तीनशे दहा फूट.

दुपारी पडवीत बसून भाकरी खाताना त्यांनी विचारलं, "इथं चहा प्यायला येतं तरी कोण?"

"आत्ता कोन न्हाय. भादव्यात या," दत्तोबा म्हणाले. "पाणी चढलं की होड्या हितं लागत्यात. पलीकडं करमाळ्याची गावं. त्यांना रस्त्यानं यायचं तर पुलावरनं सगळा दिवस जातोय. आन् काठाला दुसरीकडं कुठंबी लागायचं म्हनलं तर मांडीएवढा गाळ. दगडाची जागा ही एकच. पयलं इंजिन हितं थांबायचं, आता होडी थांबती."

सावळारामांनी समोरच्या काकडीच्या वेलांकडं पाहिलं आणि म्हातारा जरा वाढवून सांगतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी मोजणी पुरी केली. अहवालात लिहिलं, पडीक, विनावापर, लिलावास योग्य. दत्तोबांना त्यांनी हे सांगितलं नाही. दत्तोबांनीही विचारलं नाही. बत्तीस वर्षं साहेबलोकांच्या वह्या बघितलेल्या माणसाला मोजणी कशासाठी असते ते कळतंच.

सप्टेंबरात लिलावाची नोटीस जागेवर चिकटवायला सावळारामांनाच पाठवलं. नोटीस छापील होती, फक्त माल उचलण्याची मुदत लिहायची जागा मोकळी ठेवलेली होती. साहेब म्हणाले होते, "साठ दिवसांची मुदत दे. कधीपासून ते जागा बघून तूच लिही. तू पाहिली आहेस जागा."

नव्या स्टेशनावर उतरून ते माळावरून चालत खाली निघाले. शेवटच्या उतारावरून त्यांना स्टेशन दिसलं आणि ते तिथंच उभे राहिले. काकडीचे वेल नव्हते. दूरवर पसरलेलं पाणी थेट फलाटाला येऊन टेकलं होतं, जणू फलाट त्याच्याच मापानं बांधला होता. आणि फलाटावर माणसं होती. पन्नास-साठ तरी असतील. दुधाचे कॅन, सायकली, तोंडं बांधलेल्या टोपल्या, इंदापूरच्या बाजाराला निघालेल्या बाया, लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला जाणारी दोन-तीन तरणी माणसं. एक होडी फलाटाला लागलेली होती. तिच्यातून एका दिवस भरलेल्या बाईला दोघी जणी धरून उतरवत होत्या. कुठं चिखल नाही, कुठं उडी नाही. होडीच्या काठावरून सरळ दगडावर पाऊल.

दत्तोबा खाकी शर्टात फलाटाच्या मध्यावर उभे होते आणि होडीवाल्याला रागावत होते. "सोपाना, आठ वाजून धा मिन्टं झाली. वरची पॅसिंजर नवाला हाय. ही बाई कवा पोचायची?"

"आबा, वारं आडवं हुतं," सोपान होडीवाला म्हणाला.

"वाऱ्याचं कारन लायनीवर चालत न्हाय. उद्या धा मिन्टं आधी सुटायचं."

"व्हय आबा."

त्या बाईसाठी वर बैलगाडी उभी होती. ती गाडीत बसेपर्यंत दत्तोबा तिकडं बघत होते. मग त्यांना सावळाराम दिसले.

"या भाऊसायेब. बगा, म्हनलं हुतं का न्हाय?"

सावळाराम पडवीत बसले. कुशाबाईंची दोन मोठी पातेली चालू होती आणि त्यांना बोलायला सवड नव्हती. गर्दी वर निघून गेली, होडी परत फिरली, तेव्हा त्यांनी पिशवीतून नोटीस काढली आणि दोघांना वाचून दाखवली. लपवण्यात अर्थ नव्हता.

कुशाबाईंनी ऐकलं आणि विचारलं, "समदंच नेनार?"

"दगड, लाकूड, पत्रा. सगळं."

"आन् मानसं कुठं उतरायची?"

दत्तोबांनी मान हलवली. "रेल्वेचा माल हाय. रेल्वे नेनार. आपल्याला काय इचारायचं त्यात? मी बत्तीस वर्सं पगार खाल्लाय तिचा."

"तुमी गप बसा," कुशाबाई म्हणाल्या. "भाऊसायेब, तुमी लिवलं हुतं ना वहीत, हितं कोन येत न्हाय म्हनून?"

"लिहिलं होतं," सावळाराम म्हणाले. "मे महिन्यात कोणी नव्हतं."

"आता हायती."

अहवाल पुढं गेला होता, त्यावर सह्या झाल्या होत्या, आणि तो मागं घ्यायचा म्हणजे पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आपली मोजणी चुकली असं लिहून द्यायचं. तेवढी हिंमत त्या क्षणी त्यांच्यात नव्हती. त्यांच्या हातात होती ती फक्त ती मोकळी जागा. त्यांनी पाण्याकडं बघत दत्तोबांना विचारलं, "पाणी किती दिवस असं फलाटाला टेकून राहतं?"

"माघापातुर. फेब्रुवारी लागला की उतरतं."

"आणि ट्रॅक्टर कुठून येतो इथं?"

"उन्हाळ्यात वढ्यातनं. आता वढ्यात दोन पुरुस पाणी हाय."

सावळारामांनी पेनचं टोपण काढलं आणि मोकळ्या जागेत लिहिलं: १ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर. आपण काय केलं ते त्यांना नीट कळत होतं. खोटं काही नव्हतं. साठ दिवस बरोबर होते. पण तारीख मुद्दाम निवडलेली होती.

दत्तोबांनी ती वाचली. त्यांनाही कळलं. ते म्हणाले, "भाऊसायेब, ह्ये बराबर न्हाय."

"तुम्ही नका बोलू," सावळाराम म्हणाले. "तुम्ही आता नोकरीत नाही."

लिलाव दौंडला झाला आणि माल सणसरच्या दादासोंनी घेतला. दादासो उसाचे बागायतदार, साखर कारखान्याचे सभासद. नवं घर बांधत होते आणि जोत्याला त्यांना जुना घडीव दगडच हवा होता. ताबा द्यायला सावळाराम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले, तेव्हा दादासो ट्रॅक्टर माळावर ठेवून सहा मजुरांसह चालत खाली आले होते.

"भाऊसाहेब, नमस्कार. दगड कुठाय माझा?"

"तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

दादासोंनी फलाटाच्या कडेवरून वाकून पाहिलं. दगडाचे थर पाण्यात खोल गेले होते. मग त्यांनी वळून ओढ्याकडं पाहिलं, तिथं भरल्या पाण्याच्या काठावर बगळे पोहऱ्यासारखी मान घालून मासे काढत होते. तेवढ्यात होडी लागली आणि त्यांना बाजूला सरकावं लागलं. बाया उतरल्या, कॅन उतरले, एक शेळी उतरली. एका म्हातारीनं आधारासाठी दादासोंचाच हात धरला आणि उतरून झाल्यावर त्यांना म्हणाली, "सुखी ऱ्हा बाबा."

दादासो सावळारामांकडं वळून म्हणाले, "मुदत कुणी लिहिली?"

"मी."

"मग तुमी लई हुशार हाय किंवा लई येडं."

कुशाबाईंनी दादासोंना चहा दिला. ते तो उभ्यानंच प्याले.

"दगडाचं ऱ्हाऊ द्या," ते शेवटी म्हणाले. "पण पत्रा न् लाकूड मी सोडणार नाही. ते कोरडं हाय, आन् सागवान हाय. घरी तोंड दाखवायचंय मला."

ते रास्तच होतं. मजूर पडवीवर चढले आणि पहारीनं तुळया उचकटायला लागले. पहिल्याच घावाला लाकूड करकरलं. दत्तोबा उठले. "थांबा रं. आसं न्हाय." त्यांनी धोतराचा काच्या मारला आणि सहासष्टाव्या वर्षी शिडीवर चढले. कुशाबाई खालून "उतरा, उतरा" म्हणत राहिल्या. कुठला बोल्ट आधी सोडायचा, कुठली तुळई कशावर टेकलीय, हे त्यांना ठाऊक होतं. तरुणपणी दर पावसाळ्याआधी त्यांनीच ते बोल्ट आवळले होते. गंजलेल्या बोल्टांना त्यांनी चुलीजवळचं गोडं तेल लावलं, वाट बघितली, आणि एकेक सोडवला. दोन दिवस काम चाललं. एकही तुळई फुटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा पत्रा खाली आला आणि पडवी उरली नाही. चुलीवर थेट ऊन पडलं. दत्तोबा शिडीवरून उतरले, हात पुसले आणि दादासोंना म्हणाले, "घ्या. नीट बसवा. उन्हाळ्यात आवाज करत्यात, त्यात घाबरायचं कारन न्हाय."

मग ते फलाटाच्या टोकाला जाऊन सगळ्यांकडं पाठ करून बसले. कुशाबाई त्यांच्याजवळ गेल्या. त्या शेजारी बसल्या. सावळारामांनी पहिल्यांदाच त्या दोघांना काही न बोलता बसलेलं पाहिलं.

दादासोंनीही ते पाहिलं. जाताना त्यांनी विचारलं, "हितं सावलीला काय करणार?"

"बगू," सोपान म्हणाला.

जानेवारीत सणसरकडं उसाची तोड जोरात होती. एके सकाळी माळावर दादासोंची ट्रॉली आली, उसाच्या पाचटानं गच्च भरलेली, वर बांबू. होडीवाल्यांनी ते डोक्यावरून खाली वाहून आणलं आणि खोलीपुढं छप्पर घातलं. दगडासाठी दादासो परत आले नाहीत. मुदत संपली होती आणि त्यांनी वाढवून मागितली नाही. घराच्या जोत्याला त्यांनी दुसरीकडचा दगड लावला.

दौंडला साहेबांनी सावळारामांना बोलावलं. फाईल समोर उघडी होती.

"गुरव, नोव्हेंबरात तिथं पाणी असतं हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "मग?"

"मे महिन्यात मी विनावापर लिहिलं ते चुकीचं होतं. लोक वापरतात. लेखी देतो." आणि त्यांनी खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला. तो त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच लिहून ठेवला होता, फक्त द्यायचं धाडस होत नव्हतं.

साहेबांनी कागद वाचला. सावळारामांना एक ताकीद मिळाली, नोकरीतली पहिली आणि शेवटची. दगडाचा पुन्हा लिलाव काढायचा का, यावर साहेबांनी शेरा मारला: उचलण्यास गैरसोयीचा, तूर्त राहू द्यावा. ते तूर्त पुढं वर्षानुवर्षं चाललं.

१९९८ च्या दिवाळीपर्यंत सावळाराम रिटायर झाले होते. त्यांच्या बायकोला, भामाबाईंना, भावाकडं करमाळ्याच्या बाजूला जायचं होतं. सावळाराम म्हणाले, बसनं नको, मी तुला दुसऱ्या वाटेनं नेतो.

फलाटावर नेहमीसारखी गर्दी होती. पाचटाचं छप्पर नवं घातलेलं होतं. दत्तोबा खोलीच्या दारात घोंगडीवर बसले होते. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण होडीचा आवाज आला की ते किती वाजले विचारत. सावळारामांना त्यांनी ओळखलं नाही. कुशाबाईंनी ओळखलं.

"मोजनीवालं भाऊसायेब न्हवं तुमी?"

"होय."

"बसा." त्यांनी भामाबाईंना पाट दिला, दोघांना चहा दिला, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "दगडाचं तुमाला सुचलं. पत्र्याचं न्हाय सुचलं. चार वर्सं झाली, ह्या बुटक्या छपराखाली धूर डोळ्यात जातोय माज्या."

"चुकलं, मावशी."

"चुकलंच," कुशाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

सोपाननं हाक दिली. सावळारामांनी भामाबाईंना हात दिला, पण त्यांना तो लागला नाही. त्या सरळ फलाटावरून होडीत उतरल्या आणि बसल्या. होडी सुटल्यावर त्यांनी विचारलं, "ती बाई तुम्हाला रागावली का?"

"माझी मोजणी चुकली होती इथं एकदा."

"तुमची?" भामाबाई म्हणाल्या. पंचवीस वर्षं त्यांनी याच्या उलटंच ऐकलं होतं. "आणि मला कधी सांगितलं नाहीत ते."

"सांगतो," सावळाराम म्हणाले. पलीकडचा काठ यायला पाऊण तास होता, आणि त्यांनी अगदी सुरुवातीपासून, इंजिनाच्या तहानेपासून, सांगायला घेतलं.